भाईदास आबांचं तहसीलचं काम

आमच्या गावात भाईदास नावाचा एक माणूस आहे आणि तो कामाचा नाही. हे मी रागानं म्हणत नाही. राग यावा एवढं तरी त्यानं काही करायला हवं ना. चार बिघे शेत आहे, ते बायको करते. दोन म्हशी आहेत, त्यांचं शेणपाणीही तीच बघते. हा माणूस सकाळी उठतो, अंघोळ करतो, इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो, काळी रेक्झिनची पिशवी काखेत मारतो आणि सव्वानऊच्या गाडीनं तालुक्याला जातो. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं परत निघतो. कशाला जातो, तर तहसीलला काम असतं. रोज. गेली वीस-पंचवीस वर्षं. एवढ्या कामात दुसऱ्यानं अख्खा तालुका विकत घेतला असता. याच्या घराची मागची भिंत अजून पडलेलीच आहे.

गाव त्याला आबा म्हणतं. तोंडावर मीही आबाच म्हणते. लिहिताना मात्र तेवढा मान माझ्या हातून होत नाही.

मी इथली अंगणवाडी सेविका, कुंदाबाई. गावातली निम्मी तरुण पिढी माझ्यापुढे नाक पुसत बसलेली आहे, त्यामुळे कुणाच्या मोठेपणाचं मला फारसं कौतुक वाटत नाही. भाईदासचा मोठेपणा तर सगळा त्या पिशवीत. कुणाला रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असतं, कुणाला उताऱ्यावरची चूक दुरुस्त करायची असते. आपले लोक तहसीलच्या पायऱ्या चढायला भितात. मग स्टॉपवर गाठून म्हणतात, "आबा, एवढं बघा ना." आबा कागद उलटासुलटा बघतो, घडी करतो, पिशवीत ठेवतो. महिन्यानं विचारलं तर "सर्व्हर बंद शे." दुसऱ्या महिन्यात विचारलं तर "साहेबनी बदली व्हयनी." आणि कधीही विचारलं तरी चालणारं उत्तर म्हणजे "मी गयथू, पन साहेब जेवाले गया व्हता." इतका जेवणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

चार वर्षांपूर्वी मीही त्याला एक अर्ज दिला होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला अख्खा अर्ज घालवावा लागला.

शिक्षण विचाराल तर आठवी. तीही नावापुरती. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकला, आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात नाव घातलं, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेलाच बसला नाही. त्याच्या बापानं तेव्हा त्याला बैलाच्या चाबकानं मारलं होतं असं जुनी माणसं सांगतात. मला वाटायचं, चार फटके कमीच पडले.

अशा माणसाच्या पोटी दिपमाला जन्माला आली. देवाच्या कारभारात कुठंतरी कागद अदलाबदल झाला असणार. तीन वर्षांची असताना ती माझ्या अंगणवाडीत यायची. खाऊ वाटायला दिला की आधी शेवटच्या पोरापर्यंत नजर टाकायची, पुरेल का ते बघायची आणि मगच पहिल्याच्या हातावर ठेवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं गावच्या शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत तिचा पहिला नंबर. सातवीत नऊच पोरं होती आणि त्यातल्या सहांना स्वतःचं पूर्ण नाव लिहिताना घाम फुटायचा, त्यामुळे पहिल्या नंबराचं मी फार सांगत नाही. पण तिला शिकायचं होतं. मार्चमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, माले आठवीले जानं शे. तुम्ही आबाले सांगा." एवढंच. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. आठवीला जायचं आहे, सांगा.

आता आमच्या गावात सातवीच्या पुढं शाळा नाही. पोरगे सायकलीवर टांग मारून शेजारच्या गावच्या हायस्कुलात जातात, सहा किलोमीटर, बाभळींमधून कच्चा रस्ता. पोरींना तो रस्ता नाही. पोरींसाठी एकच वाट, बसनं तालुक्याला. पास फुकट, पुस्तकं फुकट, फी नाही, शाळा स्टँडच्या अगदी समोर. म्हणजे अडायला काही कारणच नाही. पण कारण नसताना अडेल ते आमचं गाव. इथं पोरगी शाळेत जायची तर तिला सोबत लागते. दोन पोरी असल्या तर दोघी जातात, एकटी असली तर घरी बसते. तिचं डोकं किती चालतं हे कुणी विचारत नाही. सोबत आहे का, एवढं विचारतात. शेजारची पोरगी शाळा सोडून सासरी गेली म्हणून हुशार पोरी खुरपं घेऊन बसलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि हे सांगताना आईबाप असं तोंड करतात की जणू कायदाच आहे.

भाईदासकडे मी गेले तेव्हा तो ओट्यावर पाय सोडून बसला होता. प्रमिलाबाई, त्याची बायको, म्हशीखाली दूध काढत होती. तो म्हणाला, "आंडेरनी, पोरनी जात शे, एकटीले कशी धाडू? सोबत व्हई त धाडसू."

सोबत होती. किराणा दुकानवाल्या पुनीतशेठची पलक. गावातलं ते एकच मारवाडी घर, आणि पलक दिपमालेच्याच वर्गात. भाईदासनं मोठ्या मनानं मान हलवली, दोघी जातील तर त्याची हरकत नाही म्हणाला. जणू त्याच्या खिशातनं काही जाणार होतं. मे महिन्यात, सगळं जळगाव-धुळं तव्यावर ठेवल्यासारखं तापलेलं असताना, पुनीतशेठनं मला दुकानात बोलावून थंड ताक दिलं, आणि मी ओळखलं की काहीतरी वाईट ऐकायला मिळणार. पलक जळगावला मामाकडे चालली होती, इंग्रजी शाळेत. शेठचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ताक मी अर्धंच प्यायले.

भाईदासला तर हायसं वाटलं. तोंड पाडून म्हणाला, "आते सोबत नही. मी काय करू?" मी म्हटलं, पोरग्यांबरोबर सायकलीनं जाऊ दे. "पोरेससंगे? बठ्ठा गाव काय म्हनी?" मी म्हटलं, माझी बहीण धुळ्याला आहे, तिच्याकडे ठेवू. "पोर दुसराना घर ठेवानी?" मी जे जे सुचवलं त्याला त्याच्याकडे उत्तर तयार. तहसीलला वीस वर्षांत एक कागद न हलवणारा माणूस, पण पोरीची शाळा अडवताना त्याचा सर्व्हर एकदाही बंद पडला नाही.

मी मात्र थांबले नाही. गावच्या शाळेतून तिचा दाखला मी काढला. मुख्याध्यापकांनी विचारलं, बाप कुठं आहे? मी म्हटलं, साहेबांकडे. तालुक्याला जाऊन नाव मी घातलं, गणवेशाचं माप मी दिलं. प्रमिलाबाईनं तो गणवेश घरी नेला, एकदा धुतला आणि धान्याच्या कोठीमागे दडवून ठेवला. ती बाई बोलत नाही. इतक्या वर्षांत नवऱ्यापुढं तिचा आवाज मी ऐकलेला नाही. पण दडवायच्या जागा तिला माहीत आहेत.

पंधरा जूनला शाळा उघडली. सव्वानऊला मी स्टॉपवर मुद्दाम थांबले. पुनीतशेठ दुकानाच्या पायरीवर उदबत्ती ओवाळत होता. निंबा नाना, आमच्या गावातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात चावट गृहस्थ, बाकड्यावर तंबाखू मळत होते. बाजाराला निघालेल्या चार-पाच बायका होत्या. भाईदास पांढऱ्या सदऱ्यात, काखेत पिशवी. आणि रस्त्याच्या पलीकडून प्रमिलाबाई आणि दिपमाला डोक्यावर भाकरीची टोपली आणि हातात खुरपी घेऊन शेताकडे चाललेल्या. पोरीनं स्टॉपकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

मी मोठ्यानं विचारलं, "आबा, कोठे चालनात?"

"तहसीलले. काम शे."

"रोज जातस?"

"रोजनं काम शे, त रोज जानं पडस."

"आनि साडेपाचनी गाडीवर येतस?"

"हां." त्याला वाटलं मी त्याच्या कष्टाची चौकशी करतेय. छाती थोडी पुढं आली.

"मंग दिपमालेले यान्हापेक्षा चांगली सोबत कोठली?"

पुनीतशेठला उदबत्ती हातात धरून हसू आवरेना. बायकांनी पदर तोंडाला लावले. निंबा नाना तंबाखू झटकून म्हणाले, "बापनी सोबत सापडनी! आते काय बाकी शे रे, भाईदास?"

गंमत बघा, महिनाभर अख्खं गाव सोबत शोधत होतं. मी, शेठ, शाळेचे मास्तर. आणि सोबत रोज सव्वानऊला आमच्या समोरून गाडीत चढत होती. बाप पोरीला शाळेत घेऊन जाऊ शकतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, अगदी त्या सकाळपर्यंत. त्या दिवशी मी माझ्यावर फार खूश होते.

भाईदासचा चेहरा उतरला. पिशवी त्यानं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "माले तठे काम राहस," तो हळू म्हणाला, "मी पोरले कसा सांभाळू?" मी म्हटलं, "तुम्ही तुमनं काम करा, ती तिन्हं करी. शाळा स्टँडसमोरच शे." हे ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडला. मला वाटलं, पुरुषी अहंकार दुखावला. बाप्या माणसानं पोरीचं दप्तर सांभाळायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. दुखू दे, म्हटलं.

तेवढ्यात प्रमिलाबाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पोरीच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "उद्या पोर गाडीमा जाई." एवढं बोलून ती शेताकडे चालू लागली. धुळे आगाराची गाडी आली, भाईदास एकटाच चढला आणि सगळ्यात पुढच्या सीटवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून दिपमाला जाऊ लागली. तो पुढं, ती मागं, दोघांत पाच सीटांचं अंतर. उतरल्यावर तो शाळेच्या फाटकापर्यंतही येत नसे म्हणे; स्टँडवरच "जाय" म्हणायचा. मी ऐकून म्हटलं, मोठा लाटसाहेब.

नव्या शाळेनं पोरीला पहिले पंधरा दिवस पाणी पाजलं. गावात वर्गात नऊ पोरं, इथं एका तुकडीत बासष्ट. ही "आहे"ऐवजी "शे" म्हणाली की तालुक्याच्या पोरी खिदळायच्या. स्वतःच्या आज्या घरात तेच बोलतात, पण शाळेच्या फाटकात शिरल्यावर यांना पुणेरी पंख फुटतात. एका बाईंनी इंग्रजीचा धडा वाचायला उभं केलं तर हिचा आवाजच फुटेना. संध्याकाळी गाडीतून उतरून ती सरळ माझ्याकडे यायची, गप्प बसायची. मी शब्द वाचून घ्यायची, तिला रागवायची, हसणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शाळा सोडू का, असं ती एकदाही म्हणाली नाही. जुलैत हळूहळू बसली घडी. पहिल्या चाचणीत गणितात तुकडीत दुसरी आली, आणि खिदळणाऱ्या पोरी वह्या मागायला लागल्या.

त्याच महिन्यात एकदा तिनं मला विचारलं, "बाई, तहसील कचेरी स्टँडपासून कितली लांब शे?" मी म्हटलं, मागच्या रस्त्यानं दहा मिनिटं. शाळेवरून दिसत नाही का? तर नाही. "आमना वर्ग वरना मजलावर शे," ती म्हणाली, "खिडकीमधून फक्त स्टँड दिसस." आणि वही उघडून बसली. मी काही लक्ष दिलं नाही.

सप्टेंबरात आमची अंगणवाडीची मीटिंग तालुक्याला होती. सुपरवायझर मॅडमना जिल्ह्याहून फोन आला आणि मीटिंग बाराच्या आत आटोपली. गाडीला वेळ होता म्हणून स्टँडच्या कँटीनमध्ये शिरले, आणि खांबापलीकडे सिमेंटच्या बाकड्यावर भाईदास दिसला. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पिशवी मांडीवर. यापूर्वीही एक-दोनदा तो मला तिथं दिसला होता. वाटायचं गाडीची वाट बघतोय. स्टँडवर माणूस दुसरं काय करणार? पण दुपारी बाराला कसली गाडी? मी चहा घेऊन खांबाआड बसले आणि बघत राहिले. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. त्यानं पिशवीतून कागद काढले, एकेक मांडीवर ठेवून हातानं सपाट केला, पुन्हा घडी घातली, पुन्हा आत ठेवले. लोकांचे अर्ज. त्यात माझाही असणार.

कँटीनवाल्या प्रेमराजला मी विचारलं, हे गृहस्थ कोण? तो म्हणाला, "ते? रोजचेच. सकाळी दहाला येतात, साडेपाचच्या गाडीनं जातात. दुपारी एक चहा. कधी कुठं जात नाहीत."

"तहसीलला?"

"छे. एकदा मीच म्हटलं, चला मी येतो बरोबर, तर म्हणे नको, आत गेलं की साहेब काय विचारेल सांगता येत नाही."

खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटत होत्या. वीस वर्षांचं तहसील! आता गाडीत सगळ्यांसमोर विचारणार होते, काय आबा, साहेब जेवून आले का? वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढ्यात प्रेमराज गल्ल्यावरची माशी हाकलत म्हणाला, "माझे वडील सांगायचे, हा माणूस लहानपणापासून इथंच बसतो. समोरच्या शाळेत आठवीला होता. पोरं बोलण्याला हसायची, गणिताचा मास्तर बाकावर उभा करायचा. चार दिवसांत शाळा बंद. पण घरी सांगायची हिंमत नाही. मग रोज दप्तर घेऊन यायचा आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्याच बाकड्यावर बसायचा. वर्षभर."

मी त्या माणसाकडे पाहिलं. पन्नाशीचा पांढरा सदरा, आणि मांडीवर दप्तर. त्याला फाटकापर्यंत न्यायला कुणी आलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला, कारण एवढी वर्षं मी पोसलेला तिरस्कार कुणीतरी फुकट उचलून नेत होतं. बायकोच्या जिवावर खातो ते खातोच, लोकांचे कागद कुजवतो ते कुजवतोच. त्यातलं मी काही माफ करत नाही. पण "शाळा स्टँडसमोरच आहे" असं मी म्हणाले तेव्हा त्याचा चेहरा का पडला, ते आता मला कळलं. मी गावासमोर टाळ्या घेऊन त्याला लेकीच्या खिडकीखाली आणून बसवला होता.

दीडला मधल्या सुट्टीची घंटा झाली. फाटकातून दिपमाला डबा घेऊन बाहेर आली. रस्ता ओलांडण्याआधी ती थांबली. बाप तिला दिसत होता, पाठमोरा, बाकड्यावर. ती सरळ त्याच्याकडे आली असती तर वीस पावलं होती. पण ती पलीकडेच उभी राहिली आणि लांबूनच, गरज नसताना, मोठ्यानं हाक मारली.

"आबा! ओ आबा!"

तो दचकून उठला. पाय चपलांत घातले, पिशवी काखेत मारली आणि तहसीलच्या रस्त्याच्या दिशेनं भराभर पाच-सात पावलं चालून गेला. मग वळून, जणू तिकडूनच येतोय असा, सावकाश परत आला. तो पोहोचेपर्यंत पोरगी चपलेचा बंद नीट करत खाली वाकून होती. मग उठून आली.

"व्हयनं का काम, आबा?"

"व्हई राह्यनं. साहेब जेवाले गया."

"मंग तुम्ही बी जेवी ल्या," ती म्हणाली. दोघं बाकड्यावर बसले. डबा उघडून तिनं आधी त्यात किती आहे ते पाहिलं, मग मोठी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

मी मागच्या दारानं बाहेर पडले. साडेपाचच्या गाडीत बसले नाही, त्याआधीच एका टेम्पोतून गावात आले. जिभेवरचं वाक्य गिळलं, आणि ते काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिपमाला अंगणवाडीत आली. मी सतरंजी झटकत होते. तिनं दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "बाई, तुम्ही काल स्टँडवर व्हतात ना?"

"व्हतू," मी म्हटलं.

"आबाले तठे काम राहस."

ती विचारत नव्हती, सांगत होती. तेरा वर्षांची पोर.

"माले माहीत शे," मी म्हटलं. "आबास्ले रोजनं काम राहस." मग मला राहवेना म्हणून विचारलं, "साहेब कसा शे मंग? चांगला शे का?"

तिनं सतरंजीची शेवटची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि थोडी हसली.

"चांगला शे," ती म्हणाली, "पन जेवाले भलता येळ लावस."